आकडा कोणत्या थराचा?

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. पितळेचे जुने गंज आणि गुंड आता चुलीपासून उठून शहरी दिवाणखान्यात गेलेत, ऑनलाइन ‘अँटिक’ म्हणून विकले जातात. (आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला चढतो तो वेगळा.) धातूची खात्री हवी असेल तर हातात मावणारी एक्सआरएफ बंदूक आहे. एक्स-रे पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत पाठवतं, यंत्र ते मोजतं. भांड्याला ओरखडाही नाही. माझं भांडण या यंत्राशी नाही, त्याचा रिपोर्ट वाचणाऱ्यांशी आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण गंजाला आतून कल्हई असते: भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याचा थर केसाहूनही पातळ बसतो. किरण तो ओलांडून खालच्या पितळेत शिरतात, आणि यंत्र दोन्ही थरांचा हिशेब एकाच यादीत मांडतं. तांबं, जस्त, कथील. घाईतला वाचक म्हणतो, कथील आहे, म्हणजे कासं! बंदूक एकदा बाहेरून लावली असती तरी शंका आली असती. बाहेर कल्हई नसते.

अर्थात बाहेरचा आकडाही सरळ नाही. चिंचेनं वर्षानुवर्षं घासलेल्या पितळेच्या अगदी वरच्या थरात जस्त कमी झालेलं असू शकतं. आणि चमक टिकावी म्हणून कुणी लॅकर मारलं असेल, तर ते या बंदुकीला दिसतच नाही. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन तिच्यासाठी फार हलके. त्याला इन्फ्रारेड तपासणी लागते. म्हणजे जुना लेप धातू म्हणून खपतो, नवा लेप निसटून जातो, आणि वय तर यातला एकही आकडा सांगत नाही.

खरा राग मात्र बफिंगवर आहे. फोटोत भांडं पिवळंधमक दिसावं म्हणून आतली कल्हई मळासारखी खरवडून काढतात. ताक कळकू नये म्हणून ती लावलेली असते. गंजात रांधलं जायचं, गुंडातून पाणी यायचं, हा फरक त्या थरात असतो. कल्हई कुठे झिजली यावरून पळी कुठे फिरायची तेही कळतं. बफिंगनंतरचा रिपोर्ट अगदी स्वच्छ येतो. तांबं आणि जस्त, बस.