विडीचा १.६४: हा आकडा कसा वाचायचा?

'विडी सिगारेटपेक्षा बरी' हे लालबाग-परळमध्ये तुम्ही ऐकलं असेलच. हा समज तपासता येईल असा अभ्यास आपल्याच शहरात झालाय: प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांचा मुंबई कोहोर्ट अभ्यास. १९९१ ते १९९७ दरम्यान मतदार याद्या घेऊन, घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरच्या १,४८,१७३ लोकांची नोंद झाली. सुमारे साडेपाच वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन कोण हयात आहे ते पाहिलं.

याची ताकद कशात? सवय आधी विचारली, मृत्यू नंतर मोजले. त्यामुळे आजारी माणसाच्या आठवणीवर भिस्त नाही.

निकाल २००५ मध्ये आले. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत मृत्यूची जोखीम सिगारेट ओढणाऱ्यांत १.३७ पट, विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट. जितक्या विड्या जास्त, तितकी जोखीम जास्त.

मग 'विडी सिगारेटपेक्षा घातक' असं लिहून टाकायचं? जरा थांबा. विडी ओढणारा बहुधा गरीब असतो. वय आणि शिक्षणाचा हिशेब धरला, तरी कामावरची धूळ, खोलीतली गर्दी, उशिरा मिळणारे उपचार यांचा वाटा त्या फरकात उरू शकतो. शिवाय सुरक्षेमुळे आत जाता येत नाही अशा श्रीमंत वस्त्या वगळल्या होत्या. त्यांच्याबद्दल हा आकडा बोलत नाही.

'विडी सुरक्षित नाही' हे पक्कं. 'विडीच जास्त घातक' यासाठी मात्र वेगळा पुरावा लागेल. प्रपोजल लिहिताना ही दोन वाक्यं वेगळी ठेवा.