प्रश्नचिन्ह गळाले, पोलाद उरले

१९७५ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात गार्वी, हॅनिंक व पॅस्को या ऑस्ट्रेलियातील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. शीर्षक होते, ‘सिरॅमिक पोलाद?’ झिर्कोनियात चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिककण आपली रचना बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि चिरेला दाबून धरतात, हा त्यातला मुख्य विचार. ठिसूळ पदार्थ चिवट करण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. निबंधाचे हे मोल आजही कायम आहे.

तक्रार आहे ती शीर्षकाबद्दल. पोलादाशी साम्य होते ते कणांच्या रचनाबदलाचे. लोकांसाठी लिहिणाऱ्यांनी प्रश्नचिन्ह गाळले आणि ‘पोलादासारखे मजबूत’ एवढेच ठेवले. बळकटी आणि चिवटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम झिर्कोनियाची बळकटी साध्या पोलादाहूनही जास्त भरते. चीर पसरण्याला होणारा त्याचा विरोध मात्र पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका असतो. त्यामुळे बारीक दोषही त्याला घातक ठरतो. दोष चौपट लांब झाला तर बळकटी निम्मी होते, हे ग्रिफिथच्या १९२० सालच्या सिद्धान्तावरून निघते. हे दोष येतात घडणीतून: भुकटीतल्या गुठळ्या, साच्यातला असमान दाब, घाईची वाळवण. भाजणी कमी पडली तर छिद्रे राहतात; जास्त झाली तर कण वाढतात आणि चीर नसतानाही रचना बदलू लागतात.

याची किंमत रुग्णांनी मोजली. सें-गोबँ देमार्के ही फ्रेंच कंपनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी झिर्कोनियाचे गोळे बनवत असे. १९९८ मध्ये तिने एकेक खेप भाजणारी भट्टी सोडून माल सतत सरकत राहणारी बोगदा-भट्टी वापरायला सुरुवात केली. पदार्थ तोच राहिला. पुढे काही खेपांमधले सुमारे ४०० गोळे अल्पावधीत फुटले आणि ऑगस्ट २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. ‘झिर्कोनिया मजबूत असतो’ हे वाक्य इथे अपुरे पडते.

हे वर्गात दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. विंझरसारख्या गावी भातखाचराची माती हाताशी असते. एकाच मातीच्या, एकाच मापाच्या वीस पट्ट्या करा. दहा चांगली मळून, दहा खडे-गुठळ्या तशाच ठेवून. सावलीत वाळल्यावर प्रत्येक पट्टी दोन विटांवर आडवी ठेवा, मध्ये पिशवी टांगा आणि ती तुटेपर्यंत वाळू घालत जा. दोन्ही गटांची सरासरी काढाच, पण सर्वांत आधी तुटलेल्या पट्टीची नोंद वेगळी करा. सांधा बनवणाऱ्या अभियंत्याला तीच महत्त्वाची असते.

गुणधर्मांच्या तक्त्यात सिरॅमिकच्या बळकटीपुढे एकच आकडा दिसला, तर तो नमुना कसा घडवला आणि कसा भाजला होता, हे विद्यार्थ्यांनी विचारलेच पाहिजे.