तारुण्याची शब्दसंपत्ति

आयुष्यांतील जो काळ फार थोडा टिकतो असें सर्वजण म्हणतात, त्याच्यासाठीं आमच्या भाषेनें शब्दांची मात्र लयलूट केली आहे. तारुण्य, यौवन, ज्वानी, तरणेपण, उमेद, आणि वडीलधाऱ्यांच्या ठेवणींतली गद्धेपंचविशी! कोशकारांनीं हे शब्द खुशाल समानार्थी मानावेत. आम्हांस ते तसे वाटत नाहींत. प्रत्येक शब्दानें तारुण्याचा मान कोणाला तरी दिला आहे व कोणाला तरी नाकारला आहे. हा निवाडा तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम दोन बहिणी घेऊं. यौवन संस्कृत 'युवन्'पासून निघालें. ज्वानी फारसी 'जवान'पासून आली. आणि हे 'युवन्' व 'जवान' एकाच प्राचीन मूळाचे दोन फांटे आहेत. कूळ एकच, परंतु मराठीनें एकीला काव्यनाटकांच्या दिवाणखान्यांत बसविलें आणि दुसरीला लावणीच्या फडांत उभें केलें. खुद्द 'जवान' तर लष्करांत भरती होऊन सैनिकच बनला. अर्थ एक असतां प्रतिष्ठा निराळी, ही करणी व्युत्पत्तीची नव्हे, समाजाची होय.

'तरुण' या शब्दाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' काढली. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें, तेव्हां टिळक २३ वर्षांचे होते. दोघांनींही हीं कार्यें आरंभिलीं तीं पंचविशी गांठण्यापूर्वीं. म्हणजे लोकभाषेच्या हिशेबानें गद्धेपंचविशींतच. परंतु त्यांचें मोल लोकांनीं त्यांच्या वयावरून केलें नाहीं, कामावरून केलें. पुढें फडक्यांच्या कादंबऱ्यांचा काळ आला आणि तारुण्य हें करण्याऐवजीं वर्णन करण्याचें प्रकरण झालें. त्या कादंबऱ्यांतील तरुण बहुधा सुशिक्षित, नीटनेटका, आणि प्रेम करावयास भरपूर सवड असलेला. फडक्यांची भाषा रेखीव होती हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण या तरुणाच्या वयाचे इतर हजारो लोक त्या वेळीं काय करीत होते, याचा पत्ता त्या रेखीव पानांतून फारसा लागत नाहीं.

त्यांना भाषेनें निराळीं नांवें ठेवलीं होतीं. चहाच्या दुकानांत कपबशा विसळणारा अठरा वर्षांचा झाला तरी 'पोऱ्या'. शेतावर किंवा वाड्यांत राबणारा तो 'गडी'. पोर आणि गडी यांच्यामधलें तारुण्य त्यांच्या वांट्यास आलेंच नाहीं. मुलीच्या बाबतींत तर भाषा अधिकच कृपण. 'तरुणी' हा शब्द पुस्तकांत होता, घरांत नव्हता. घरांत ती आधीं उपवर, थोडा उशीर झाला कीं घोडनवरी, आणि लग्न झालें कीं बाई! तिच्या वयाचें नांवसुद्धां दुसऱ्याच्या सोयीनें ठरलेलें. देवलांच्या 'शारदा' नाटकानें १८९९ सालीं हाच अन्याय रंगभूमीवर मांडला. पैशाच्या बळावर म्हातारा भुजंगनाथ नवरदेव होऊं पाहतो. कोवळ्या शारदेला 'नको' म्हणण्याचाही अधिकार नाहीं. हरविलास सारडा यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १९२९ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नास १४ वर्षांची अट घातली. ती १८ होण्यास १९७८ साल उजाडावें लागलें. 'तरुणी' या शब्दाला राहावयास जागा मिळाली ती अशी सावकाश.

आज हा शब्दव्यवहार कोठें आला आहे हें पाहावयाचें तर मीरा-भाईंदरसारखें गांव पाहावें. वसईच्या खाडीलगतचीं हीं मिठागरांचीं, शेतीचीं व कोळीवाड्यांचीं गांवें. १९८५ सालीं त्यांची नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारे येथें एकाच जिन्यानें चढतात-उतरतात. येथील वाढदिवसाच्या फलकांवर 'तरुण' शोधूं जावें तर भेटतो तो 'युवा'. संस्कृतांत हें एका पुरुषाचें एकवचनी रूप. हिंदीच्या वाटेनें आलें आणि आतां नेता, मंच, महोत्सव, कशालाही विशेषण म्हणून चिकटतें. शब्द बाहेरून आला हा आमचा आक्षेप नव्हे. ज्वानी कोठें घरची होती? आक्षेप हा कीं, त्याला वयच उरलेलें नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघ १५ ते २४ वर्षांच्या माणसांस युवा गणतो. आमच्या सरकारच्या २००३ च्या धोरणानें १३ ते ३५ ही मर्यादा धरली, तर २०१४ च्या धोरणानें १५ ते २९. फलकावरील पुढाऱ्यास यांपैकीं कोणतीच मर्यादा लागू नाहीं. भुजंगनाथाला निदान लोक हंसले तरी होते!

आणि त्याच फलकाखालून पहाटेची गाडी गांठण्यास धांवणारा मुलगा, तिच्याच गर्दींत उभ्यानें अभ्यास करणारी मुलगी, यांना कोणता शब्द द्यावा? आमच्या मतें तो भाषेपाशीं तयार आहे: उमेद. हाही मूळचा फारसी, अर्थ आशा. मराठीनें त्याला वयाचा अर्थ दिला; 'उमेदीचीं वर्षें' म्हटलें कीं कोणास फोड करून सांगावें लागत नाहीं. कचेरींत पगाराशिवाय राबून जागेची वाट पाहणारा तो पूर्वीं उमेदवार. आतां तो शब्दही निवडणुकीनें नेला. तथापि मूळ शब्द शाबूत आहे. त्याला लिंगाची आडकाठी नाहीं, कॉलेजची अट नाहीं. पोऱ्यालाही तो लागतो आणि गड्यालाही. माणसाचें वय किती झालें हें तो विचारीत नाहीं, पुढें काय आहे हें विचारतो.

म्हणून नव्या लेखनाचें परीक्षण करणारांस आमची सूचना आहे कीं, 'तरुण लेखक', 'युवा कवि' असे शिक्के मारण्यापूर्वीं त्या लेखनांत कोणाच्या उमेदीचा हिशेब आहे तें पाहावें. आणि गांवाच्या कारभाऱ्यांसही हीच कसोटी लावावी: फलकांवर युवा किती झळकले हें मोजूं नये, पोऱ्या म्हणून हांक मारली जाणाऱ्या मुलाच्या पुढ्यांत उमेदीचीं किती वर्षें शिल्लक ठेवलीं, तें मोजावें.