मुसाफिरांचे स्मारक : करमाडच्या निमित्ताने

करमाड आणि बदनापूर या दोन स्थानकांच्या मधे, सटाणा शिवारात, ८ मे २०२० च्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडीखाली १६ मजूर मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांची होती. टाळेबंदीत काम बंद पडले. भुसावळहून गावाकडे गाडी मिळेल या आशेने २० जण आदल्या संध्याकाळी रुळांच्या कडेने चालू लागले. रात्र बुद्धपौर्णिमेची होती. थकल्यावर बहुतेक जण रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या नव्हत्या. जे रुळांपासून थोडे बाजूला झोपले ते वाचले. जी गाडी जिवंतपणी मिळाली नाही ती नंतर मिळाली. देह खास गाडीने मध्य प्रदेशात नेण्यात आले.

मी करमाडचा. स्थापत्याचे शिक्षण नाही. जुने गॅझेटिअर, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि पायपीट यांवर माझा अभ्यास उभा आहे. तरीही हा प्रश्न मला सोडत नाही : या माणसांचे स्मारक करायचे झाले, तर ते कसे असावे?

आपल्याकडे स्मारक म्हटले की हात आपोआप स्तंभाकडे जातो. चौथरा, चौथऱ्यावर खांब, खांबावर संगमरवरी पाटी, भोवती लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. बॅ. अंतुले यांच्या काळात महाराष्ट्रात दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके उभी राहिली. हेतू मोठा होता. स्वातंत्र्यलढ्यातली नावे मुंबई-पुण्यापुरती न राहता आडगावांत पोचावीत, ही कल्पना आजही पटते. पण आराखडा बहुतेक ठिकाणी सारखाच. डोंगर असो, माळ असो, नदीकाठ असो, इमारत तीच. त्यांतल्या कितीतरी स्मारकांची पुढे आबाळ झाली, तेव्हा आपण निधी नाही, देखभाल नाही म्हणून ओरड केली. माझ्या मते दोष त्याआधीचा आहे. ज्या वास्तूची गावाला वर्षातून दोन-तीनदाच गरज पडते, तिला उरलेले दिवस कुलूपच लागणार.

याच्या अगदी उलट उदाहरण नागपूरच्या दीक्षाभूमीचे. तिथला भव्य स्तूप शिवदानमल यांच्या आराखड्याप्रमाणे उभा राहिला आणि २००१ मध्ये खुला झाला. पण १४ ऑक्टोबर १९५६ पासून त्या जागेला अर्थ दिला तो घुमटाने नव्हे, भोवतीच्या मोकळ्या जमिनीने. तिथे लाखो माणसे येतात, बसतात, शिदोरी सोडतात, पुस्तके विकत घेतात आणि रात्री तिथेच झोपतात. १ जुलै २०२४ रोजी भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाविरुद्ध लोक उसळले आणि काम थांबवावे लागले. त्याला काहींनी भावनेचा उद्रेक म्हटले. मला तो वास्तुकलेवरचा अभिप्राय वाटतो. रिकामी दिसणारी जमीन हाच स्मारकाचा गाभा आहे, हे आराखडा करणाऱ्यांपेक्षा तिथे वर्षानुवर्षे मुक्काम करणाऱ्यांना अधिक नेमके कळले होते.

भूदृश्यालाच स्मारक करण्याचा अलीकडचा मोठा प्रयत्न भुजचा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपातल्या मृतांसाठी भुजिया डोंगरावर स्मृतिवन झाले. राजीव कठपालिया हे त्याचे वास्तुरचनाकार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते खुले झाले. उतारावर छोटे बंधारे घातले, पावसाचे पाणी अडवले, झाडे लावली आणि मृतांची नावे त्या बंधाऱ्यांवर आणली. कच्छसारख्या कोरड्या मुलखात पाणी अडवणाऱ्या भिंतीवर नाव असणे म्हणजे मेलेल्या माणसाला काम देणे आहे. मला या योजनेत सर्वांत मोलाचे हेच वाटते. त्यामानाने शेजारचे भव्य, तंत्रज्ञानाने सजवलेले संग्रहालय मला परके वाटते. भूकंपाचा थरार तिकीट काढून अनुभवावा, ही कल्पना पचत नाही.

पण भुज काय किंवा माळीण काय, तिथले मृत तिथल्याच लोकांचे होते. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसे गेली. वाचलेले नातलग आजही त्या जागेशी बांधलेले आहेत. करमाडची अडचण इथे सुरू होते. सटाणा शिवारात मेलेल्यांचे इथे कोणीच नाही. त्यांच्या आया-बायका शेकडो किलोमीटर दूर आहेत. ‘लोकसहभागातून स्मारक’ असे आपण सहज म्हणतो, पण इथे लोक म्हणजे कोण? शिवाय प्रत्यक्ष जागा रेल्वेची. तिथे थांबणेच धोक्याचे आणि बेकायदा. फूल वाहायला गेलेल्या माणसालाही तिथे रुळांवर आगंतुकच ठरवले जाईल.

आणखी एक भीती आहे. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर गेले. उद्या कोणी शिल्पकार ब्राँझची पोळी ओतेल, सोळा खांब, सोळा पायऱ्या, सोळा दिवे मांडेल. संख्येचे असे प्रतीक करणे सोपे असते. पाहणारा हळहळतो आणि गाडीत बसून निघून जातो.

उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. पर्यटक ती यंत्राची गंमत म्हणून बघतात. मुळात ती एका दर्ग्याचा भाग आहे. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सूफी. त्यांची कबर तिथे आहे आणि ती साधी आहे. म्हणजे हे एका परमुलखातून आलेल्या माणसाचे स्मारकच, आणि त्याचे नावही मुसाफिर. पण कबरीभोवती काय उभारले ते पाहा. शहराबाहेरच्या विहिरीचे पाणी खापरी नळांतून काही मैल आणले, उंच भिंतीवर चढवून हौदात सोडले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवले. त्या पिठाची भाकरी फकिरांना, यात्रेकरूंना मिळे. मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत. वर पाणी, खाली गारवा, आणि त्या गारव्यात वाटसरू टेकत. पाणी शेवटी खाम नदीला मिळे. वास्तू, जमिनीचा उतार आणि माणसांची सोय यांत शिवण कुठे आहे ते दाखवता येत नाही. आज आत जायला तिकीट लागते, ती गोष्ट वेगळी.

मुख्य म्हणजे इथे ‘आपले लोक’ कोण, हा प्रश्न पडलेलाच दिसत नाही. जो वाटेने येईल तो. करमाडच्या स्मारकाला असाच समाज मिळू शकतो. शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे, पलीकडे जालन्याचे पोलाद कारखाने. परप्रांतातून येणारा मजूर थांबलेला नाही. स्मारक रुळांवर नको, जालना रस्त्यालगत हवे, जिथे तो पायी किंवा बसने येतो.

तिथे काय असावे? सावली, पिण्याचे पाणी, आणि आडवे होता येईल असे ओटे. ही शेवटची मागणी मी मुद्दाम करतो. हल्ली सार्वजनिक बाकांच्या मधोमध लोखंडी दांडा बसवतात, कोणी झोपू नये म्हणून. ज्यांचे स्मारक करायचे ते झोपायला जागा शोधताना मेले. त्यांच्या जागेवर पहारेकऱ्याने कोणाला उठवता कामा नये. सर्व दगडी काम इथल्या काळ्या बेसाल्टचे असावे. झाडांबाबत एका स्नेह्याने सुचवले, उमरियाकडचा मोह लावू. कल्पना गोड आहे, पण मला लिंब आणि वड बरा वाटतो. इथे टिकतो आणि उन्हाळ्यात सावली देतो. पाणी छपरावरचे आणि उताराचे साठवावे, नुसते टँकरवर अवलंबून ठेवू नये.

नावे लिहावीत का, यावर माझे मत दोनदा बदलले. आता वाटते, लिहावीत, पण घरच्यांना विचारून, गावाच्या नावासह, हिंदीत आणि मराठीत. वर मान करून वाचावी लागेल अशा उंचीवर नकोत. ओट्याच्या कडेवर कोरावीत, म्हणजे जो टेकेल त्याच्या हाताला लागतील.

कठीण भाग त्यानंतरचा आहे. रांजण रोज कोण भरणार, झाडलोट कोणाकडे, रात्रीचा दिवा कोणाच्या मीटरवर? पाणचक्कीत जाते फिरत होते म्हणून माणसे राबती होती. इथे मला जात्याच्या जागी चहाची टपरी दिसते : भाडे माफ, बदल्यात पाणी आणि झाडलोट. वास्तुरचनाकाराला ही सूचना कदाचित हलकी वाटेल. आराखड्यात टपरीची जागा आधी आखावी आणि नावांचा दगड त्यानंतर, एवढे मात्र मी त्याला सांगेन.