पडद्यावरचा गोल आणि रस्त्यावरचा रविवार

केस पिवळे रंगवलेला एक मनुष्य स्वित्झर्लंडमधल्या एका उपाहारगृहात दूरदर्शन संचासमोर बसला आहे. इटलीचा फुटबॉल सामना चालू आहे. भोवतालचे लोक इटलीच्या खेळाडूंना हिणवत आहेत आणि हा मनुष्य, जो स्वतः इटालियन आहे, आपण त्यांच्यापैकीच एक आहोत असे भासवण्याच्या खटाटोपात आहे. तेवढ्यात फाबिओ कापेलो गोल करतो आणि या माणसाच्या कंठातून असा काही आनंदाचा चीत्कार फुटतो की सारे उपाहारगृह त्याच्याकडे वळून पाहू लागते. रंगवलेले केस व्यर्थ ठरतात.

फ्रांको ब्रुसाती यांच्या ‘पाव आणि चॉकलेट’ या १९७४ सालच्या चित्रपटातला हा प्रसंग. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाचा मान मिळाला. निनो नावाच्या वेटरची भूमिका नीनो मानफ्रेदी यांनी केली आहे. उघड्यावर लघवी केल्याच्या क्षुल्लक कारणावरून निनोचा कामाचा परवाना जातो आणि मग तो लपतछपत जगू लागतो. विनोदी म्हणून हा चित्रपट प्रसिद्ध आहे. आम्ही तो पुन्हा पाहिला तेव्हा आम्हांला हसू फार थोड्या ठिकाणी आले.

निनोच्या त्या आरोळीला उत्सव का म्हणता येत नाही, असा प्रश्न आम्हांला पडला. गोल तोच, आनंद तोच. मग कमी काय पडले? याचे उत्तर पडद्याबाहेरच्या इतिहासात शोधावे लागते. त्या काळी स्वित्झर्लंडला इटालियन हात हवे होते, इटालियन कुटुंबे नको होती. हंगामी कामगाराला वर्षातले नऊ महिने राहण्याची मुभा असे. बायकामुलांना आणण्याची नसे. ज्यांनी मुले आणली त्यांनी ती घरात दडवून ठेवली. शेजाऱ्याला चाहूल लागू नये म्हणून खिडकीपाशी न येण्याची ताकीद मिळालेली ती मुले आज म्हातारपणाकडे झुकली आहेत. चित्रपटातली ग्रीक निर्वासित एलेना आपल्या मुलाला असेच लपवून ठेवते. ७ जून १९७० रोजी तर परदेशीयांचे प्रमाण, जिनिव्हाचा अपवाद सोडल्यास, प्रत्येक कॅन्टनमध्ये शेकडा १० वर आणावे अशा प्रस्तावावर देशभर मतदान झाले. शेकडा ५४ मतांनी तो फेटाळला गेला. म्हणजे शेकडा ४६ मतदारांना तो मान्य होता! ज्या देशात आपल्या मुलाने खोकणे हाही धोका आहे, तिथे गोल झाल्यावर ओरडणे म्हणजे पोलिसांना स्वतःहून पत्ता कळवणेच होय. ब्रुसातींनी हे एका शब्दाचेही भाष्य न करता दाखवले, ही त्यांची थोरवी.

मात्र येथवर येऊन आम्ही दिग्दर्शकाची साथ सोडतो. निनोला ब्रुसाती एकाकी ठेवतात, ते कथेच्या गरजेपोटी असेलही. पण त्याचे देशबांधव ते दाखवतात कसे? कोंबड्यांच्या खुराड्यात राहणारी काही माणसे, जी कोंबड्यांसारखीच मान हलवतात, आवाज काढतात आणि नदीत नाहणाऱ्या गोऱ्यापान तरुण मंडळींकडे जाळीआडून आ वासून पाहतात. शेवटच्या आगगाडीतले घरी परतणारे कामगार भेटतात, तेही ऊन आणि समुद्र यांची गाणी गाणारे, आणि ती गाणी ऐकून निनोला उबग येतो. दिग्दर्शकालाही आलेला आहे, हे कॅमेरा लपवत नाही. परदेशी राहणारा माणूस एक तर यजमानाची नक्कल करील, नाही तर खुराड्यात जाईल. तिसरी वाट ब्रुसातींना दिसतच नाही. गरिबीने वाकलेल्या माणसाला जनावर करून दाखवले की प्रेक्षक सुन्न होतो हे खरे, परंतु त्या माणसाचे त्यात काय उरते?

तिसरी वाट होती. ती पाहण्यासाठी आम्ही वाचकांना अटलांटिकपलीकडे, कॅनडातल्या टोरंटो शहरी नेऊ इच्छितो. दुसऱ्या महायुद्धानंतर कालाब्रिया, आब्रुत्सो, फ्रिउली अशा इटलीच्या निरनिराळ्या भागांतून हजारो माणसे तिथे गेली. घरे, रस्ते, भुयारे त्यांनी बांधली. त्यांचेही स्वागत पायघड्या घालून झाले नव्हते. युद्धकाळात सुमारे ६०० इटालियन वंशीयांना छावण्यांत डांबले गेले होते आणि त्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती २०२१ साली. पदपथावर चारचौघे इटालियन बोलत उभे राहिले तर पोलीस त्यांना हटकत, अशी आठवण तिथली जुनी माणसे सांगत आली आहेत. १७ मार्च १९६० रोजी, संत पॅट्रिकच्या सणादिवशी, हॉग्ज हॉलो येथे जलवाहिनीच्या भुयारात आग लागून पाच इटालियन मजूर मृत्युमुखी पडले. त्यानंतरच मजुरांच्या सुरक्षिततेचे कायदे कडक झाले.

आणि तरी एक फरक होता. कॅनडाने त्यांना राहू दिले. मागाहून बायको आली, आईबाप आले, धाकटा भाऊ आला. स्वतःचे धर्मग्राम उभे राहिले. सेंट क्लेअर अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिम भागात कॉफीची दुकाने, बेकऱ्या आणि शिंप्यांची दुकाने यांची रांग लागली.

११ जुलै १९८२ हा रविवार होता. माद्रिदमध्ये रात्रीचे आठ वाजले तेव्हा टोरंटोत दुपारचे दोन वाजले होते. म्हणजे मिस्सा आटोपलेली आणि जेवणाचे टेबल अजून मांडलेले. पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून जेमतेम पुढे सरकलेला इटलीचा संघ अर्जेंटिना, ब्राझील आणि पोलंड यांना हरवून अंतिम सामन्यात आला होता. चाळीस वर्षांचा दीनो झॉफ कर्णधार. रॉसी, तार्देल्ली, आल्तोबेल्ली यांनी एकेक गोल केला आणि पश्चिम जर्मनीवर ३-१ असा विजय मिळाला. मग माणसे सेंट क्लेअरवर उतरली. त्या दिवशीच्या गर्दीचा अंदाज तीन लाखांचा सांगतात. ज्या पदपथावर चौघांनी उभे राहणे गैर होते, तो पदपथ आणि अख्खा रस्ता त्या दुपारी त्यांचा झाला.

या दिवसाचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या देशाचे निशाण ते फडकवत होते, त्या देशाने त्यांना पोटभर भाकर दिली नव्हती. म्हणून तर ते तिथे होते. शिवाय गाव सोडताना त्यांतले कितीजण स्वतःला ‘इटालियन’ म्हणवत असतील? कालाब्रियाच्या शेतकऱ्याला फ्रिउलीच्या गवंड्याची बोली कळत नसे. निळ्या सदऱ्याखाली ते एक झाले ते परक्या शहरात. आमचा तर्क असा की त्या रविवारी इटली जिंकली याच्याइतकाच आनंद आता कोणी आपल्याला हाकलणार नाही याचा होता. त्याच दुपारी ओरडणाऱ्या बापाच्या खांद्यावरचा मुलगा कॅनडाचा नागरिक होता.

टोरंटोच्या रस्त्यावरची गाणी ब्रुसातींच्या आगगाडीतल्या गाण्यांहून फार उच्च दर्जाची होती असे मुळीच नाही. ऊन, समुद्र, आई, हेच विषय. पण गाणाऱ्याच्या खिशात कोणता कागद आहे यावर गाण्याचा सूर बदलतो. आपल्या घरांतली माणसे आखातात वीस-वीस वर्षे राबून आली. करार संपला की परतायचे हे ठाऊक असलेल्या माणसाचा आवाज कसा दबका होतो, हे त्यांच्या घरच्यांना निराळे सांगायला नको. निनोची आरोळी आणि टोरंटोची आरोळी यांत हेच अंतर आहे, आणि ब्रुसातींनी ते निनोच्या स्वभावात शोधले, ही आमची त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार. निनो भित्रा वा न्यूनगंडाने पछाडलेला नाही. त्याच्याजवळ परवाना नाही.

असे असूनही मानफ्रेदी यांचा अभिनय वारंवार दिग्दर्शकाच्या पुढे जातो. गोल होण्याआधीची काही क्षणांची त्यांची मुद्रा पाहावी: ओठ मिटलेले, डोळे पडद्यावर खिळलेले, आणि गळ्यात काहीतरी वर चढते आहे. पटकथेने त्याला विदूषक केले तरी तेवढा वेळ तो कोणाचा तरी मुलगा, कुठल्या तरी गावचा रहिवासी असतो.

पुढे निनोला मायदेशी पाठवणाऱ्या गाडीत बसवले जाते. गाणी ऐकता ऐकता तो मध्येच उतरतो आणि शेवटच्या दृश्यात हातात सामान घेऊन बोगद्याच्या तोंडातून चालत बाहेर येतो. केस अजून पिवळेच आहेत. त्या रात्री तो कुठे निजणार, हे चित्रपट सांगत नाही.