इनामगावचे कुंभ आणि पाय कापल्याची गोष्ट

इनामगावचे नाव काढले की ऐकणाऱ्याला हमखास दोन गोष्टी आठवतात. एक, तिथले लोक आपले मृत घरातच पुरत. दुसरी, पुरण्याआधी त्यांचे पाय घोट्यापासून तोडत, म्हणजे मेलेला माणूस भूत होऊन निघून जाऊ नये. व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ही दुसरी गोष्ट मी इतक्यांदा वाचली आहे की ती आता जवळपास म्हणीसारखी झाली आहे. प्रस्तुत लेखात माझे भांडण तिच्याशी आहे. उत्खनन करणाऱ्यांशी नाही. त्यांच्या कामाशिवाय माझ्यासारख्या शेलूबाजारात बसून पुस्तके जमवणाऱ्या माणसाला भांडायलाही काही मिळाले नसते.

आधी थोडी ओळख. इनामगाव पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. घोड पुढे भीमेला मिळते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे बारा हंगाम खोदकाम केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. मुख्य अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. वस्तीचे तीन कालखंड मानतात : माळवा (सुमारे इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). म्हणजे नऊशे वर्षे एकाच पांढरीवर लोक नांदत होते. आपल्यापैकी किती जणांची गावे इतकी जुनी आहेत?

जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या गावावरून आलेले, तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी भांडी म्हणजे तांबड्या अंगावर काळी नक्षी, चाकावरची, चांगली भाजलेली, टिचकी मारली तर खणखणणारी. तोटीचे चंबू आणि कंगोऱ्याचे वाडगे ही त्यांची ओळख. ही भांडी विदर्भाला परकी नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीला ब. प. बोपर्डीकरांनी १९८४-८५ मध्ये खोदले तेव्हा ताम्रपाषाणयुगीन वस्तीच सापडली. (दायमाबादचा शोध १९५८ मध्ये याच बोपर्डीकरांनी लावला होता. आमच्याकडे त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही.) आम्ही वैदर्भीय प्राचीन दफने म्हटली की जुनापाणी, माहूरझरी इथली शिळावर्तुळे आठवतो. ती पुढची, लोखंड वापरणाऱ्या लोकांची आणि वस्तीबाहेरची. इनामगावचा मृत वस्तीत आहे, घरात आहे. हा फरक लहान नाही.

आता पायांकडे येऊ. ‘पाय कापत, कारण भुताची भीती होती’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या वजनाची विधाने एकत्र बांधलेली आहेत. प्रौढांच्या सांगाड्यांना घोट्याखालचा भाग नाही, हे निरीक्षण झाले. तो मुद्दाम तोडलेला आहे, हे त्यावरून काढलेले अनुमान झाले. आणि भूत निघून जाऊ नये म्हणून तोडला, ही अटकळ झाली. सांकलिया-ढवळीकरांनी ती अटकळ म्हणूनच मांडली होती. पुढच्या लेखकांनी ‘असावे’चे ‘होते’ केले. मराठीत हे फार सहज होते. एक क्रियापद बदलले की साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे मन आपल्याला कळले!

शिवाय ती अटकळ आतून दुभंगलेली आहे, याकडे कुणी बघत नाही. ज्या मृताची भीती वाटते त्याला माणूस स्वतःच्या निजायच्या जागेखाली पुरेल का? मृताने जाऊ नये असे वाटणे ही भीतीही असू शकते आणि ओढही. दोन्ही भावना एकाच खड्ड्यात घालून आपण वर ‘भूत’ अशी पाटी लावली आहे.

पण माझा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. इनामगावला दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची आहेत. पाय नसणे ही प्रौढांची गोष्ट. म्हणजे इनामगावचा नमुनेदार मृत म्हणजे पाय तोडलेला पुरुष नव्हे, तर एक तान्हे लेकरू आहे. आणि आपण ज्या वाक्याने हे गाव ओळखतो, त्यात ते लेकरू कुठेच नाही.

ते लेकरू कुंभात आहे. घराच्या जमिनीत खड्डा घ्यायचा, दोन मोठे कुंभ आडवे ठेवायचे, तोंडाला तोंड लावायचे, आत मूल ठेवायचे. हीच पद्धत नेवाशाला आहे, दायमाबादलाही आहे. हे कुंभ खणखणीत जोर्वे भांड्यांसारखे नाहीत. जाड, करडे, हाताने घडवलेले. काहींवर बोटांनी दाबून काढलेली साधी नक्षी. अहवालांत भांड्यांचे वर्गीकरण एका प्रकरणात आणि दफने दुसऱ्या प्रकरणात असतात. ते शास्त्राला सोयीचे आहे, पण त्यामुळे एक साधा प्रश्न दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत पडतो. हे कुंभ आले कुठून?

हा प्रश्न मी आमच्याकडच्या एका वयस्क कुंभारबाबांना विचारला. शेलूच्या बाजारात उन्हाळ्यात ते माठ-रांजण मांडून बसतात. दोन मोठी भांडी एका दिवसात करून मिळतील का, असे विचारल्यावर ते हसले. “रांजन का एका दिसात होते का भाऊ? बूड येगळं, पोट येगळं, थे जरासं वाळलं की मंग गळा. पावसाळ्यात तं पंधरा दिस हात लावता येत नाही.” मोठे भांडे टप्प्याटप्प्याने चढवावे लागते, थापटीने ठोकून पातळ करावे लागते, सावलीत वाळवावे लागते आणि मग भट्टी. घाई केली तर तडकते.

मेलेले मूल पंधरा दिवस थांबत नाही. म्हणजे ज्या दोन कुंभांत ते ठेवले, ते कुंभ ते जिवंत असतानाच तयार होते. एक तर घरात होते किंवा कुंभाराकडे तयार पडलेले होते. घरातले असतील, तर त्या आईबापांनी धान्य-पाण्याची दोन भांडी घरखर्चातून कायमची बाजूला काढली. कुंभाराकडचे असतील, तर मुले इतकी मरत होती की असे कुंभ तयार ठेवणे हा त्याच्या नेहमीच्या कामाचा भाग होता. दोन्हींपैकी कुठलेही उत्तर घेतले तरी ते भुताच्या कथेपेक्षा जड आहे.

आणि मुले खरोखरच मरत होती. जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या अस्थींचा अभ्यास १९८६ मध्ये मांडला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासा, दायमाबाद आणि इनामगावच्या बालकांच्या हाडांवर काम केले. त्यांचे पुस्तक २०११ चे. उत्तर जोर्वे काळातल्या इनामगावच्या मुलांची वाढ खुंटलेली होती, असे त्यांना दिसले. दुष्काळ पडला आणि लोक गाव सोडून गेले, हे जे सरळसोट कारण आपण देतो त्यालाही त्यांनी हरकत घेतली. मराठीत त्या पुस्तकाची चर्चा जवळपास झालीच नाही. पाय कापल्याची गोष्ट मात्र दर दिवाळीला येते.

आता त्या चार पायांच्या रांजणाविषयी. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर, जवळ धान्याचे कोठार आणि घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष. याचे पाय शाबूत. हा गावप्रमुख असावा, असे ढवळीकरांचे प्रतिपादन. घर, कोठार आणि दफन एकत्र पाहिले तर ते पटण्यासारखे आहे. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकात तर मुलांना प्रश्नच होता की हा प्रमुख असेल का, कारणे द्या. चांगला प्रश्न. पण कारणे देताना सगळे घराकडे आणि कोठाराकडे बघतात. रांजणाकडे बघायला हवे, कारण तो भाजलेला नाही.

कच्च्या मातीच्या भांड्यात पाणी राहत नाही, ते उचलून नेताही येत नाही. ते या एकाच कामासाठी केलेले होते. मग भाजले का नाही? भट्टी गावात होती. इनामगावला कुंभाराची भट्टी सापडलेली आहे. चार पायांवर माणसाचे वजन पेलायचे तर भांडे वाळायला वेळ द्यावा लागणार. मग त्या माणसाच्या मरणाआधीच ते घडवायला घेतले होते का? तो दीर्घ आजारी होता का? की तो बसल्या जागी त्याच्याभोवती माती चढवली? पुरातत्त्वज्ञ ‘कच्चा रांजण’ अशी नोंद करून पुढे गेले. कुंभार मात्र तिथेच थांबला असता. प्रमुखपदाच्या चर्चेत मान त्या पुरुषाला मिळाला. ज्याने किंवा जिने ते भांडे घडवले, तो हात चर्चेबाहेर राहिला.

हा हात चर्चेत आला तर काय होते, याचे एक उदाहरण दूरचे असले तरी सांगतो, कारण ते गाव इनामगावसारखेच भांडी घडवणारे आणि मृत जपणारे होते. थायलंडमध्ये खोक फनोम दी नावाची टेकडी आहे. चार्ल्स हायअम आणि रचनी थोसारत यांनी १९८५ मध्ये ती खोदली. काळ साधारण इ.स.पू. २००० ते १५००. म्हणजे इनामगावची सुरुवात होते त्या सुमारास ते गाव संपते. तिथे एका तिशी ओलांडलेल्या बाईच्या दफनात एक लाख वीस हजारांहून अधिक शिंपल्यांचे मणी मिळाले. सरळ ‘राणी’ म्हणून मोकळे होता आले असते, आणि ‘राजकन्या’ हे नाव तिला पडलेही. पण तिच्या अंगावर मातीच्या कांबींचा ढीग रचला होता, भांडी घडवायच्या मातीचा. शेजारी भांड्याला आतून टेकवायचा मातीचा ठोकळा आणि घोटायचे गोटे. ती कुंभारीण होती. तिची श्रीमंती तिच्या हातातली होती. तिच्याजवळच सुमारे सव्वा वर्षाचे एक मूल पुरलेले होते, तसेच मण्यांनी मढवलेले. त्याच्यासोबतही एक ठोकळा होता. अगदी छोटा, त्याच्या मुठीत मावेल एवढा.

तो छोटा ठोकळा कुणीतरी घडवला, भाजला आणि त्या मुलाबरोबर ठेवला. त्याचे स्पष्टीकरण भीतीने देता येत नाही.

इथे माझ्यावरही आक्षेप येऊ शकतो, तो आधीच नोंदवतो. माझ्या जन्माआधी माझ्या आईची एक मुलगी गेली. दात न आलेल्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, मूठमाती देतात. वावराच्या धुऱ्याला, बोरीजवळ तिला ठेवले होते. बोर पुढे वठली, तरी आईने तो कोपरा कधी वखरू दिला नाही. वडील रागवायचे, तिथे चार तासे येतील म्हणायचे. आई काही बोलायची नाही, पण वखर तिथून वळायचा. मी इनामगावचे आडवे कुंभ पाहतो तेव्हा मला तो धुरा दिसतो. भुताची गोष्ट सांगणाऱ्यांना जसे आपल्या ओळखीचे भूत दिसले, तशी मला माझ्या ओळखीची आई दिसते. हा दोष मला मान्य आहे. आजचा रिवाज उचलून तीन हजार वर्षे मागे नेऊन ठेवता येत नाही. मनुस्मृतीसुद्धा दोन वर्षांखालच्या मुलाला पुरायला सांगते, पण गावाबाहेर. इनामगावची आई घरात पुरत होती. मधल्या काळात काहीतरी बदलले आणि ते काय, हे रिवाज सांगत नाही.

म्हणूनच मी मायेची कथा भीतीच्या कथेच्या जागी बसवू इच्छित नाही. मला भांड्यांकडे परत जायचे आहे, कारण तिथे तपासता येण्यासारखे काही आहे. कुंभांच्या बुडाला वापराची झीज आहे का? बाहेरून काजळी, आतून धान्याचे किंवा पाण्याचे डाग? असतील तर ते घरातले. दोन कुंभ एका जोडीचे, एकाच हातचे की वेगवेगळ्या घडणीचे? आणि बोटांची नक्षी. ओल्या मातीत दाबलेल्या बोटाच्या ठशातल्या रेघांची रुंदी मोजून तो हात लहानाचा की मोठ्याचा, बाईचा की पुरुषाचा याचा अदमास घेण्याची पद्धत आता इतर देशांत वापरतात. चाकावरची जोर्वे भांडी एकाने केली आणि हातघडणीचे कुंभ दुसऱ्या कुणी, अशी माझी शंका आहे; आमच्या कुंभारबाबांच्या घरीही चाकाला बाया हात लावत नाहीत, पण चुली आणि कणग्या त्याच थापतात. ही शंका खोटी ठरली तरी चालेल. कुणा तरुण अभ्यासकाने भिंग आणि मोजपट्टी घेऊन एका कुंभाच्या काठाशी बसावे आणि ते बोट मोजावे.