'बोनापार्टची माघार' : उगम, स्रोत आणि श्रेय

लोकसंगीताच्या अभ्यासात 'स्रोत' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी योजला जातो. एका अर्थी स्रोत म्हणजे धुनेचा उगम; तिचे कुळ, तिचा प्रदेश आणि तिचा काळ. दुसऱ्या अर्थी स्रोत म्हणजे ज्या वादकाकडून ती संग्राहकास मिळाली तो वादक. हे दोन अर्थ वेगळे न ठेवल्यामुळे काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणून 'बोनापार्ट्स रिट्रीट', म्हणजेच 'बोनापार्टची माघार', या अमेरिकन फिडल-धुनेकडे पाहता येते. फिडल म्हणजे लोकवादकाच्या हातातील व्हायोलिनच. दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या ग्रामीण भागात रुजलेल्या ज्या वादनपरंपरेला 'ओल्ड टाइम' असे म्हटले जाते, तिच्यातील ही एक सुपरिचित धून होय.

उगमाचा प्रश्न प्रथम घेऊ. नाव नेपोलियनच्या माघारीचे असले, तरी नावावरून धुनेचा काळ ठरत नाही. मौखिक परंपरेत नावे आणि धुना परस्परांपासून सुट्या होऊन फिरत असतात. अभ्यासकांनी तिचे नाते 'द ईगल्स व्हिसल' या आयरिश कूचधुनेशी जोडले आहे. सॅम्युएल बेयर्ड यांनी १९५० मध्ये विशद केलेली 'धुनांच्या कुळां'ची संकल्पना अशा वेळी उपयोगी पडते. एका मूळ संहितेचा शोध घेण्याऐवजी ती परस्परसंबद्ध पाठांचा समूह गृहीत धरते. मात्र या संकल्पनेची एक मर्यादाही आहे. कुळाचा विचार करताना पाठ घडविणारी व्यक्ती दृष्टीआड होण्याचा संभव असतो.

ही मर्यादा १९३७ सालच्या एका ध्वनिमुद्रणाने स्पष्ट होते. त्या वर्षी अ‍ॅलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स यांनी केंटकी राज्यातील मॅगॉफिन परगण्यात विल्यम स्टेप या वादकाचे वादन लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केले. ही धून त्यापूर्वीही मुद्रित झाली होती; १९२४ मध्ये जॉर्जियातील ए. ए. ग्रे यांनी ती वाजविली होती. परंपरेत ती प्रायः संथ, कूचगीतासारख्या लयीत वाजविली जाई. फिडलच्या तारा नेहमीच्या जुळणीत न ठेवता डी-डी-ए-डी अशा लावल्या जात. त्यामुळे मुख्य सुरावटीखाली एक अखंड आधारस्वर घुमत राही. स्टेप यांनी ही जुळणी कायम ठेवली, पण लय मात्र नाचाच्या वेगाला नेली. माघारीची धून त्यांच्या गजाखाली मुसंडीची धून झाली. परंपरेने दिलेले साहित्य तेच; आविष्कार मात्र सर्वस्वी निराळा.

जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स यांच्या 'अवर सिंगिंग कंट्री' या १९४१ च्या संग्रहासाठी रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी हे वादन स्वरलिपीत उतरविले. लिप्यंतर म्हणजे धुनेचा सरासरी सांगाडा नव्हे, तर एका वादकाच्या एका प्रयोगाची सूक्ष्म नोंद, ही त्यांची भूमिका होती. ती मांडणारा त्यांचा दीर्घ निबंध त्या ग्रंथात समग्र येऊ शकला नाही. तो त्यांच्या निधनानंतर, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्वरलिपीच्या आधारे अ‍ॅरन कोपलंड यांनी १९४२ च्या 'रोडिओ' या बॅलेतील 'हो-डाउन' हा भाग रचला. १९७२ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर या रॉक वाद्यवृंदाने तो आपल्या पद्धतीने वाजविला. संग्रहात स्टेप यांची नोंद होती. परंतु 'हो-डाउन'च्या ख्यातीत नाव उरले ते कोपलंड यांचे, आणि बाकीचे सारे 'पारंपरिक' या एका विशेषणात सामावले गेले.

यावर एक आक्षेप घेता येईल. स्टेप यांनाही ही धून कोणाकडून तरी मिळाली होती; मग त्यांना श्रेय देणे म्हणजे लोकपरंपरेवर एककर्तृत्वाची कल्पना लादणे नव्हे काय? हा आक्षेप उगम आणि पाठ यांची गल्लत करतो. स्टेप धुनेचे कर्ते नाहीत हे खरे. पण 'हो-डाउन' ज्या गतीवर आणि ज्या स्वरवळणांवर उभा आहे, ती धुनेच्या कुळाकडून आलेली नाहीत, स्टेप यांच्या पाठातून आलेली आहेत. संथ कूचपाठ हाती असता, तर तो भाग असा झालाच नसता. येथे समूहाचे देणे आणि व्यक्तीचे कर्तृत्व या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत. स्टीफन वेड यांनी आपल्या २०१२ च्या ग्रंथात स्टेप यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्याचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. ज्या जागी 'लोक' ही निनावी कोटी होती, तेथे त्यांनी एक निर्माता उभा केला.

तात्पर्य, 'पारंपरिक' हे विशेषण धुनेच्या उगमाविषयी काही सांगते. तिच्या एखाद्या पाठाच्या कर्तृत्वाविषयी काहीच सांगत नाही. लिखित संहिता मौखिक प्रयोगातून घडते तेव्हा परंपरा आणि प्रयोगकर्ता या दोन्ही स्रोतांची पृथक नोंद करणे हे संपादकाचे आणि समीक्षकाचेही कर्तव्य ठरते. ती नोंद हरवली की श्रेय आपोआप त्याच्याकडे जाते, ज्याने ते शेवटी कागदावर लिहिले.